दोन वाजताची नोंद

वेणूबाई एक वाजून पाच मिनिटांनी गेल्या. दोन वाजता त्यांचं बीपी एकशेवीस बाय अठ्ठ्याहत्तर होतं, नाडी ब्याऐंशी आणि श्वास वीस. मृत्यूची वेळ लिहायला मी चार्ट पुढे ओढला तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात एक वीस झाले होते. दोन वाजायला अजून चाळीस मिनिटं होती, आणि दोनच्या रकान्यात माझ्या हाताखालच्या सिस्टर किर्तीच्या गोलमटोल अक्षरात, निळ्या शाईत, बाई ठणठणीत होत्या. मी आधी चष्मा पुसला. सव्वीस वर्षांच्या नोकरीत असे कितीतरी आकडे नजरेखालून गेले होते, तो मी बोट ठेवून पुन्हा वाचला. मी चार्ट फाइलमध्ये घातला, फाइल पोटाशी धरली आणि चादरी ठेवायच्या खोलीत जाऊन दार लोटून उभी राहिले. बाहेर त्यांचा नवरा बुधाजी स्टुलावर बसला होता, दोन दिवस बसला होता तसाच. मुलगा धर्मेश फोनवर एकेकाला कळवत होता. खालच्या फर्निचरच्या वर्कशॉपमधली करवत चालूच होती. आमच्या हॉस्पिटलच्या वस्तीत, कॅम्प चारमध्ये, कोणी गेलं म्हणून करवत थांबत नाही, आणि थांबावी असं आजवर मलाही कधी वाटलं नव्हतं.

आकडे आधी भरून ठेवायची ही पद्धत कोणत्याही पुस्तकात नाही आणि मी पाहिलेल्या प्रत्येक वॉर्डात आहे. सकाळी आठला ड्युटी घेतली की एकदा पट्टा बांधायचा, खरं बीपी लिहायचं आणि त्याच्याच आसपासचे आकडे दहा, बारा, दोनच्या रकान्यांत टाकून मोकळं व्हायचं. पेशंट बरा दिसतोय, बोलतोय, चहा मागतोय, मग त्याला काय होणार आहे? आणि खरंच, नव्व्याण्णव वेळा काही होत नाही. किर्ती दीड वर्षापूर्वी कॉलेजातून ताजी ताजी आली तेव्हा प्रत्येक खाटेपाशी मशीन घेऊन धावायची आणि दहाचं बीपी साडेअकराला संपवायची. मीच तिला एक दिवस काउंटरमागे बसवून शिकवलं. एकशेवीस बाय ऐंशी सारखं सारखं लिहू नकोस, कोणी विश्वास ठेवणार नाही. एकशेअठरा बाय शहात्तर लिही, मग एकशेबावीस. आकडा सम ठेव. श्वास बिनधास्त वीस. जगात माणसं कशीही श्वास घेवोत, दवाखान्यात सगळे मिनिटाला वीसच घेतात. ती हसली होती, मीही हसले होते. चांगली इन्चार्ज असल्याचं समाधान मला त्या दिवशी वाटलं होतं, हे आठवलं आणि चादरींच्या त्या कोंदट वासात मी फाइल पुन्हा उघडली.

पण दोनचा आकडा ही नुसती लाज होती. खरी गोष्ट दहाच्या आकड्यात होती. वेणूबाईंचं मांडीचं हाड मोडलं होतं, ओट्यावरून पाय घसरून. ऑपरेशन होऊन दुसरा दिवस. सकाळी आठला सगळं चांगलं होतं, त्यांनी मला माझं गाव विचारलं आणि कराडकडची म्हटल्यावर, लांब हाय गो, म्हणाल्या. पावणेअकराच्या सुमाराला बुधाजी काउंटरपाशी आला. मी तेव्हा दोन डिस्चार्जची कागदपत्रं करत होते, फोन कानाला होता, खालून नवा पेशंट वर येत होता. तो बराच वेळ नुसता उभा राहिला, मग म्हणाला, "बाय, तिचा हात गार परलाय." मी फोनवर हात ठेवला, त्यांच्या सहा नंबरच्या खाटेची फाइल ओढली, उघडली. दहा वाजता एकशेबावीस बाय अठ्ठ्याहत्तर, नाडी ब्याऐंशी. मी म्हणाले, बाबा, आत्ताच बघितलंय, सगळं ठीक आहे, एसी आहे ना, म्हणून गार लागतंय. वॉर्डच्या मावशींना सांगून एक ब्लँकेट पाठवलं. तो मान हलवून गेला. मी खोटं बोलले नाही, हेच तर सगळ्यात वाईट आहे. शाईतला आकडा दिसला आणि मी त्याच्यावर विश्वास ठेवला. तो आकडा सव्वाआठला लिहिलेला असणार हे जगात कोणाला माहीत असायला हवं होतं, तर मला. काउंटरपासून सहा नंबरच्या खाटेपर्यंत अकरा पावलं आहेत. ती मी नंतर मोजली.

मोठ्या डॉक्टरांना मी तीनच्या सुमाराला चार्ट दाखवला. दाखवला नसता तर पुढचं काही घडलंच नसतं, असं आता वाटतं. पण तेव्हा कोणीतरी मला रागवावं अशी फार इच्छा होती. ते रागावले नाहीत. त्यांनी चार्ट बघितला, चष्मा कपाळावर सरकवला आणि थकल्या आवाजात हिंदी-मराठी मिसळून समजावू लागले. फुप्फुसात गुठळी गेली असणार, अशी केस हातात राहतच नाही, दर दहा मिनिटांनी बीपी घेतलं असतं तरी ती थांबली नसती. घरच्यांनी चिरफाड नको म्हटलंय, तेव्हा नक्की काय ते कोणाला कधी कळणार नाही. मुलगा उद्या अकराला कागद न्यायला येईल. तोवर हे पान नव्याने लिहून ठेवा, दहा आणि बारा व्यवस्थित, दोनचा रकाना कोरा. "सिस्टर, पोरगी बावीस साल की है. एका कागदासाठी तिची जिंदगी बरबाद करायची का?" झाकली मूठ सव्वा लाखाची, हे त्यांना म्हणायचं होतं, पण तसं ते म्हणाले नाहीत, आणि मला ते वाईट माणूसही वाटले नाहीत. किर्ती बाहेर जिन्यात बसली होती. डोळे सुजले होते. मला बघून उठली आणि म्हणाली, मॅडम, मी एकटीनंच केलं असं सांगा, तुम्हाला माहीतच नव्हतं असं सांगा. तुम्हीच शिकवलंत, असं ती बोलली असती तर मी कदाचित भांडले असते, चार कारणं सांगितली असती, पंचवीस खाटा आणि दोन पोरी असं म्हणाले असते. ती बोलली नाही. मी तिला घरी पाठवलं. जुनं पान आणि एक कोरं पान घडी घालून पर्समध्ये टाकलं आणि स्कूटी काढली.

बदलापूरला घरी मी रोज स्कूटीनेच जाते. हेल्मेट घातलं की चाळीस मिनिटं कोणी काही विचारत नाही. अंबरनाथला एमआयडीसीच्या बाजूने वारा आला की घशाला आंबूस चव लागते. रोज मी तिथे ओढणी तोंडावर घेते, त्या दिवशी घेतली नाही. शिकत असताना आम्हाला एक ट्यूटर होत्या. आम्ही मोजलेली नाडी त्या मागाहून पुन्हा मोजायच्या, घड्याळ तळहातावर ठेवून, पूर्ण एक मिनिट. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणलेलं त्यांना चालायचं नाही. म्हणायच्या, उरलेल्या पंचेचाळीस सेकंदांत माणूस काय करतोय ते तुला कसं कळलं? आम्ही त्यांची नक्कल करून हसायचो. मग पहिली नोकरी सरकारी, साठ खाटांचा वॉर्ड, जमिनीवरचे धरून नव्वद पेशंट. तिथे तिसऱ्या आठवड्यात मी पहिला खोटा आकडा लिहिला. कोणाचा, ते आठवत नाही. अंगावर शहारा आला होता एवढं आठवतं. दुसऱ्या वेळी आला नाही. माणूस किती लवकर सरावतो, हे सांगायला संतोषचं, माझ्या नवऱ्याचं, उदाहरणही चालेल. आम्ही सात वर्षं एका घरात राहिलो, मग राहिलो नाही. तो गेल्यावर आठवडाभर मी दोन कप चहा टाकत होते, नवव्या दिवशी एकच टाकला आणि तो बरोबर झाला. त्याचं शेवटचं म्हणणं होतं की तुला काहीही सांगितलं तरी तू "होईल ठीक" म्हणतेस आणि वर बघतसुद्धा नाहीस. मला तेव्हा ते फार अन्यायाचं वाटलं होतं. दिवसभर लोकांचं दुखणं ऐकून आलेल्या बाईने घरीही ऐकायचं का? त्याला काय दुखत होतं ते मी शेवटपर्यंत विचारलं नाही, आणि आता विचारायला त्याचा नंबरही माझ्याकडे नाही.

घरी आले तेव्हा उजेड होता. खोलीत सकाळचीच हवा होती. मी एकटी राहते याचं मला सहसा काही वाटत नाही. दिवसभर मी माणसांची मनगटं धरते, संध्याकाळी कोणाला हात लावावा असं वाटत नाही. त्या संध्याकाळी मात्र कोणीतरी शेजारी बसावं आणि मला काय झालं ते विचारावं असं इतकं वाटलं की शेजारच्या वहिनींचं दार वाजवायला मी हात उचलला. आतून टीव्हीचा आणि त्यांच्या सुनेच्या हसण्याचा आवाज येत होता. मग काय सांगणार होते मी त्यांना? साखर मागायला आले असं सांगायची तयारी करून मी परत फिरले. टेबलावर दोन्ही पानं शेजारी शेजारी पसरली. कोऱ्या पानावर नाव, वय, खाट क्रमांक लिहिला. आठचं खरं बीपी उतरवलं. दहाच्या रकान्यावर पेन ठेवलं आणि हाताने सवयीने एक लिहिला, मग पुन्हा एक. एकशेअठरा सुचलं. एकशेअठरा चांगलं दिसलं असतं. मग मनात आलं, थोडं उतरतं दाखवावं का, एकशेदहा, म्हणजे अगदी खोटं वाटणार नाही. आणि तेव्हा मला माझी भीतीच वाटली, कारण मी ते काम मन लावून करत होते. दहा वाजता त्या बाईचं बीपी खरोखर किती होतं? नव्वद? सत्तर? की ठीकच होतं आणि डॉक्टर म्हणतात तसं सगळं एका क्षणात झालं? त्या रकान्यात एक खरा आकडा होता, तो दहा वाजता होता, कोणीतरी पट्टा बांधला असता तर मिळाला असता, आणि आता तो जगात कोणालाच मिळणार नव्हता. मी पेन खाली ठेवलं. उगाच घड्याळ समोर घेऊन माझेच श्वास मोजायला बसले, पूर्ण मिनिट. जमेना. मोजायला लागलं की श्वास बदलतो, अडखळतो. तीनदा केलं, तीन वेगळे आकडे आले, आणि एकदाही वीस आले नाहीत.

खाई त्याला खवखवे म्हणतात, पण मला रात्री झोप लागली, हेही लिहून ठेवायला हवं. सकाळी उठले तेव्हा निर्णय झालेला होता, किंवा निर्णय म्हणण्याइतकं काही नव्हतंच. दुसरं काही करणं अंगाला जमेना एवढंच. जुन्या पानाच्या खालच्या कोऱ्या जागेत मी लिहिलं की दहा, बारा व दोनची मोजमापं प्रत्यक्ष घेतलेली नाहीत, आधी भरलेली आहेत. पावणेअकराला नातेवाइकांनी हात गार असल्याचं सांगितलं होतं, तेव्हा पेशंट तपासला गेला नाही. खाली सही केली, हुद्दा लिहिला. फोटो काढून डॉक्टरांना पाठवला आणि सोबत एवढंच कळवलं की अकराच्या आत मूळ पान फाइलमध्ये लागेल. त्यांनी वाचल्याच्या दोन निळ्या खुणा आल्या. मग किर्तीला फोन केला. तिने ऐकलं आणि, माझं नाव येणार का, एवढंच विचारलं. मी म्हणाले, तुझं अक्षर आहे, ते तसंच राहील. शिकवलं मी, तेही मी सांगणार आहे. तिने हो म्हटलं, पण तो हो कसा होता ते फोनवर कळलं नाही. तिला मी वाचवते आहे की बुडवते आहे, हे मला आजही सांगता येणार नाही. धर्मेश हॉस्पिटलात येऊन कागद उघडणार, आणि त्याला ते कागदावरून कळणार, हे मला नको होतं. मी त्यांच्या गावाकडे निघाले. पत्ता फाइलमध्ये वाचलेला होता, नदीपलीकडे, माझ्या घरापासून वीस मिनिटांवर. सहा वर्षं या शहरात राहून त्या बाजूला मी कधी गेले नव्हते.

मयताच्या घरी बोलावण्याची वाट बघायची नसते, त्यामुळे कोणी अडवलं नाही. नवं दुमजली घर, पुढे जुनीच कौलारू पडवी राखलेली. प्लास्टिकच्या खुर्च्या, आत बायका. घरात चूल पेटायची नव्हती म्हणून भाऊबंदांकडून भाताचं पातेलं झाकून आलेलं होतं. धर्मेशने मला ओळखलं आणि तो घाईने उठला. बसलेल्यांना म्हणाला, या सिस्टर, आयेसाठी यांनी लय केला. म्हातारी माणसं माझ्याकडे बघून हात जोडू लागली. ते हात बघवेनात. मी धर्मेशला म्हणाले, बाबांशी आणि तुमच्याशी दोन शब्द बोलायचेत. त्याने खुर्ची पडवीच्या कडेला बुधाजीपाशी आणून ठेवली. बुधाजी चटईवर गुडघे जवळ घेऊन बसला होता, खांद्यावर पंचा. एका दिवसात माणूस आटला होता. मी वाटेत बरंच काही जुळवून ठेवलं होतं, गुठळी, पद्धत, माणसांची कमतरता. त्यातलं काही बोलले नाही. पान उघडून धर्मेशच्या हातात दिलं आणि सरळ सांगितलं, की काल सकाळी आठनंतर आईचं बीपी कोणी घेतलंच नाही. आकडे आधी लिहिलेले होते. बाबा सांगायला आले तेव्हा मी ते आकडे बघितले आणि आईंना बघितलं नाही. बघितलं असतं तर त्या वाचल्या असत्या की नाही ते मला माहीत नाही. कोणालाच माहीत नाही. धर्मेशने पान दोनदा वाचलं. दोनच्या रकान्यावर त्याचं बोट थांबलेलं मला दिसलं. तो माझ्याकडे न बघता उठला आणि फोन कानाला लावत अंगणात गेला, आणि तो ज्या आवाजात बोलायला लागला त्यावरून आता पुढे जे व्हायचं ते होणार हे मला कळलं. खरं सांगायचं तर मला हलकं वाटलं. लाज वाटावी इतकं हलकं वाटलं. सुटले, असंच वाटलं.

बुधाजी अंगणात गेलेल्या धर्मेशकडे बघत होता. मला वाटलं त्याला कळलं नसेल, म्हणून मी वाकून म्हणाले, बाबा, दहाला पट्टा बांधलाच नव्हता. त्याने मान हलवली. "मना ठाव हाय. मी थयाच व्हतू," तो म्हणाला. "पट्टा कोनी बांधला नाय. पन तू कागद बघून सांगितलास. मना वाटला, आता सगला नवा निघलाय, बिनपट्ट्याचा पन मशीन आसल तुमचा." त्याने हे तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. आत कोणी तरी लहान मूल रडायला लागलं आणि कोणी तरी त्याला उचललं. मी क्षमा मागायला तोंड उघडलं, पण त्याचं बोलणं संपलेलं नव्हतं. तो चटईच्या कडेची एक काडी ओढत होता.

"ती बोलत व्हती, मना कसासाच व्हतंय, कोनाला तरी हाक मार. मी तुझ्यापाशी आयलू. तू बोललीस ठीक हाय. मी जाऊन तिला सांगितला. ती परत बोलली. दोनदा बोलली. मंग मी वरडलू तिच्यावर. बोललू, सिस्टरपेक्षा तुना जास्ती कलतंय का? गप पर." काडी तुटली. त्याने ती बाजूला ठेवली. "मंग ती गप परली. त्याच्यानंतर बोललीच नाय."

मी खुर्चीवरून खाली, चटईवर बसले. कालपासून या सगळ्यात मी फक्त माझंच पाहत होते. माझा आकडा, माझी सही, माझी पावलं. मी घरी बसून नवं पान लिहिलं असतं, तर या माणसाने उरलेला जन्म असं समजून काढला असता की बाई ठीकच होती, अचानक गेली, आपण बोललो त्यात काही नव्हतं. मी सकाळी स्कूटी काढून, वीस मिनिटं येऊन, ते त्याच्याकडून काढून घेतलं होतं. अंगणात धर्मेशचा आवाज चढत होता. बुधाजीने पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. म्हातारपणी डोळ्यांत येतो तसा पांढुरका रंग त्यांत होता, आणि उत्तराची वाट होती.

"म्हंजे बाय," तो म्हणाला, "तिचाच खरा व्हता?"

डॉक्टरांचं वाक्य माझ्या जिभेवर आयतं तयार होतं. गुठळी होती बाबा, काही केलं तरी थांबली नसती. ते कदाचित खरंही असेल. पण त्याने ते विचारलं नव्हतं.

मी म्हणाले, "हो बाबा. त्यांचंच खरं होतं."